डेस्कटॉपचं झाकण शेवटचं कधी उघडलंत?

टेबलाखालचा

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्याभरात ओळखीतल्या तिघांनी मला एकच वाक्य ऐकवलं : "मशीन आता म्हातारं झालं, नवीन घ्यावं म्हणतो." तिघांनीही त्याआधी विंडोज नव्याने टाकून पाहिली होती, एकाने तर दोनदा. अँटिव्हायरस बदलून झाला होता. डबा मात्र कुणीच उघडला नव्हता.

पहिल्याचं जरा सविस्तर सांगतो. मशीन चालू केलं की पहिली दहा मिनिटं ठणठणीत. मग माऊस अडखळायला लागतो, टाइप केलेली अक्षरं दोन-दोन सेकंदांनी उमटतात आणि पंखा असा ओरडतो की शेजारच्या खोलीतही कळावं, संगणक चालू आहे म्हणून. ही दहा मिनिटं लक्षात ठेवा. व्हायरस असं घड्याळ लावून येत नाही, उष्णता येते.

बाजूचं झाकण काढलं तर मालक म्हणाले, "आत तर फारशी धूळ नाहीच की!" वरवर पाहता खरंच होतं ते. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांना कडेला काळपट रेघ होती, एवढंच. पंखा सोडवून उचलला तेव्हा खरा प्रकार दिसला. पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) पट्ट्या यांच्यामध्ये राखाडी नमदा बसला होता. नखाने कोपरा उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला. गोल, पंख्याच्याच मापाचा, मधोमध मोटरच्या आकाराचा खळगा. पंखा बिचारा जीव तोडून फिरत होता आणि सगळी हवा त्या नमद्यावर आपटत होती. खालच्या ॲल्युमिनियमला वाराच लागत नव्हता.

आता यात मशीन हळू का व्हावं? प्रोसेसर स्वतःला जपतो म्हणून. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत बऱ्याच जणांची ९५. तिथवर पोचला की तो आपला वेग उतरवतो, म्हणजे उष्णता कमी तयार होते. या मशीनमधला ३.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ०.८ वर येऊन सरपटत होता. तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन फटकन बंद पडतं, काही निरोप वगैरे न देता. साफ करण्यापूर्वी जड काम लावलं तर दोन मिनिटांत ९९ अंश झाले होते. नमदा काढून, पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला लेप) बदलून तेच काम अर्धा तास चालवलं, ६६ च्या वर गेलं नाही. विंडोज तीच, रॅम तीच.

दुसऱ्याकडेही असाच प्रकार, फक्त तिथे पुढची जाळी पूर्ण बुजलेली. तिसऱ्याकडे मात्र धूळ मामुली होती. सर्व्हिसिंगलाच बसलो आहोत तर डिस्कही बघू म्हणून स्मार्टच्या नोंदी (डिस्क स्वतःच्या तब्येतीबद्दल ठेवते त्या) उघडल्या, तर पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, दोनशेच्या वर. त्याच दिवशी डेटा दुसरीकडे उतरवला आणि डिस्क बदलली. त्याने अजून एकदा विंडोज टाकली असती तर त्या फॉरमॅटमध्ये फोटोही गेले असते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो, चुकत असेल तर जाणकारांनी कान धरावा. आधी बॅकअप. मग तापमान टिपून ठेवतो, रिकामं बसलेलं असताना आणि काम करताना, दोन्ही. हे कुणी करत नाही आणि मग "फरक पडला का?" याचं उत्तर "वाटतंय तरी" असं येतं. मशीन बंद, वायर भिंतीतून काढायची, नंतर पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून ठेवायचं म्हणजे बोर्डावर उरलेला करंट उतरतो. डबा बाल्कनीत किंवा खिडकीशी न्यायचा. मऊ ब्रशने धूळ सुटी करायची, मग हवेने उडवायची, वरून खाली. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, भिरभिरू द्यायचं नाही. पेस्ट सुकून खडूसारखी झाली असेल तर पुसून नवी. आणि केबल सोडवण्यापूर्वी मोबाईलवर फोटो. माझ्या हातून पुढच्या पॅनेलच्या त्या बारीक वायरी एकदा सुटल्या होत्या, पॉवरचं बटण कुठल्या दोन पिनांवर लागतं हे शोधण्यात संध्याकाळ गेली.

तुमच्या डब्यांत काय काय निघालं ते येऊ द्या.

शून्य_एक

वाखूसा (वाचनखूण साठवली आहे). त्या नमद्याचा फोटो मात्र हवा होता.

टेबलाखालचा

मी मोबाईल काढेपर्यंत मालकांनी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. लाजले असावेत.

चालतंय_ना

लेख ठीक आहे, पण माझा अनुभव उलटा आहे. चालत्या मशीनला हात लावू नये या मताचा मी आहे आणि ते मत फुकट बनलेलं नाही. असाच एक लेख वाचून हुरूप आला, रविवारी डबा उघडला, ब्रश मारला, फुंकलं, बंद केला. चालू केला तर पडदा काळा आणि आतून लांब लांब बीप. त्याआधी सहा वर्षं एकदाही बंद पडला नव्हता. दुरुस्तीवाल्याने नेला आणि "मदरबोर्ड गेला" म्हणाला. म्हणजे सफाईने मशीन वाचलं की मेलं?

स्क्रू_उरला

मदरबोर्ड गेला हे त्याने कशावरून सांगितलं? बीप वाजतात याचा अर्थ बोर्ड बोलतोय. बीपांची भाषा प्रत्येक बायोसची (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) वेगळी, पण लांब लांब बीप म्हटलं की मी पहिला हात रॅमला घालतो. ब्रश मारताना पट्टी एका टोकाने केसभर उचलली गेली असणार. बाहेर काढायची, स्लॉटमध्ये हवा मारायची आणि परत बसवताना बाजूच्या खटक्याचा 'टक्' ऐकू येईपर्यंत दाबायची. ज्या बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो तिथे दुसरं टोक बसलंय असं वाटतं आणि बसलेलं नसतं.

आणि तोंडाने फुंकलंत ना? तिथे चूक झाली. फुंकरीत थुंकीचे थेंब असतात.

चालतंय_ना

बोर्ड बदलून झाला हो. जुना अजून माळ्यावर आहे.

स्क्रू_उरला

काढा खाली. गंमत म्हणून एक रॅमची पट्टी लावून बघा.

मऊसूत

रॅमवरून आठवलं. आमच्या ऑफिसात रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासायची पद्धत आहे. दरवेळी चालतं. हे बरोबर की चूक?

टेबलाखालचा

चालतं हे खरंय, पण बहुतेक वेळा काढून परत बसवल्यामुळेच चालतं आणि श्रेय खोडरबर घेतो. त्या संपर्कांवर सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि खोडरबरात घासणारा पदार्थ असतो. दोन-चार वेळा केलं म्हणून आभाळ कोसळणार नाही, पण सवय नको. शिवाय रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९० टक्क्यांच्या वरचं, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर घेऊन एकदा पुसा. ते पटकन उडून जातं, मागे पाणी राहत नाही. सुगंधी सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकट राहतं.

वाकडी_पिन

माझंही प्रायश्चित्त इथेच घेतो.

मशीन एएमडीचं, एएम४ सॉकेटवालं (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा). पेस्ट बदलायची म्हणून कूलरचे (हीटसिंक आणि त्यावरचा पंखा) खटके सोडले आणि कूलर सरळ वर ओढला. निघेना. जोर लावला. 'कट्' असा आवाज झाला आणि कूलर हातात आला, खाली प्रोसेसर चिकटलेला! सॉकेटचा दांडा अजून खाली बसलेला, म्हणजे कुलूप लावलेलं असताना मी प्रोसेसर उपटून काढला होता. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात, एकूण १३३१. त्यांतल्या एका कोपऱ्यातल्या अकरा आडव्या.

त्या दिवशी मी शिसपेन्सिलीचं काम काय असतं ते शिकलो. यांत्रिक पेन्सिलीतलं शिसं काढून टाकायचं, पोकळ टोक पिनेवर घालायचं आणि हळूहळू उभी करायची. एकेका पिनेला दहा-दहा मिनिटं. श्वास सोडायलाही भीती वाटत होती. अकराच्या अकरा उभ्या राहिल्या आणि मशीन अजून चालतंय, हे निव्वळ नशीब.

नंतर कळलं की चूक अगदी साधी होती. सुकलेली पेस्ट गोंदासारखी धरते. आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं कामाला लावून गरम करायचं, पेस्ट मऊ पडते. मग बंद करून, वायर काढून, कूलर उचलण्याऐवजी डावी-उजवीकडे हळूच पिळायचा. सुटला की मग वर. इंटेलवाल्यांना ही भीती कमी, त्यांच्या पिना २००४ च्या एलजीए ७७५ सॉकेटपासून बोर्डावर आहेत आणि प्रोसेसर वरून चौकटीने दाबलेला असतो. एएमडीनेही २०२२ मध्ये एएम५ ला तेच केलं. माझ्यासाठी जरा उशीरच झाला.

शून्य_एक

अकरा पिना!! दंडवत स्वीकारा.

मऊसूत

मग पेस्ट बदलायलाच नको असं वाटायला लागलंय. ती नक्की करते काय? दोन सपाट धातू एकमेकांवर दाबलेले आहेत, मध्ये लेप कशाला?

वाकडी_पिन

सपाट दिसतात, असत नाहीत. भिंगाखाली दोन्हीकडे डोंगरदऱ्या. जिथे धातू धातूला टेकत नाही तिथे हवा अडकते आणि हवा उष्णतेला जवळजवळ भिंतच. तांब्याची उष्णतावाहकता ४०० च्या आसपास, हवेची ०.०२६. पेस्ट स्वतः काही तांब्याएवढी चांगली नाही, साधारण एक आकडी, पण हवेच्या शेकडो पट बरी. तिचं काम फक्त खड्डे भरण्याचं. म्हणून मधोमध मटाराच्या दाण्याएवढा ठिपका पुरतो, कूलरच्या दाबाने पसरतो. पोळीला तूप लावल्यासारखा जाड थर दिलात तर धातू-धातूतलं अंतरच वाढतं.

तापमान चांगलं असेल तर पेस्टला हात लावू नका. मी आता लावत नाही.

ब्लोअरबाबा

व्हॅक्यूम क्लीनरबद्दल कुणीच बोललं नाही. आवाजही कमी, धूळ घरभर उडत नाही. मी तेच वापरतो.

स्क्रू_उरला

डब्याच्या बाहेरच्या जाळ्यांना खुशाल वापरा. आत नको. प्लास्टिकच्या नळीतून कोरडी हवा आणि धूळ वेगाने गेली की नळीवर स्थिर विद्युत जमते आणि ती चिपवर उतरते. आपल्या बोटाला ठिणगी जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, काही चिप त्याच्या कितीतरी खाली जखमी होतात. म्हणजे तुम्हाला कळणारही नाही. हात घालण्यापूर्वी आणि अधूनमधून डब्याच्या रंग न लावलेल्या धातूला हात लावत राहायचं.

दाबलेल्या हवेच्या फवाऱ्याच्या डब्याचंही एक सांगतो. तो उभाच धरायचा. तिरका किंवा उलटा केला की आतला द्रव बाहेर येतो, बोर्डावर पांढरं दव धरतं. काही डब्यांतला वायू ज्वलनशील असतो, त्यामुळे गरम मशीनवर मारू नका. आणि मोठा ब्लोअर असेल तर एक वीत लांबून. नाव ब्लोअरबाबा घेतलंय म्हणून सांगतोय, हलके घ्या.

ब्लोअरबाबा

घेतली, घेतली. :) मग एसएमपीएसचं, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याचं काय? सगळ्यात जास्त धूळ तिथेच असते. उघडून साफ केला तर?

टेबलाखालचा

नाही. इथे मी चक्क हात जोडतो. एसएमपीएसच्या डब्याचे चार स्क्रू सोडू नका. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्टचा डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथेच बसून राहतो. बाहेरच्या जाळीतून हवा मारा, पंख्यात लाकडी काडी अडकवून. तेवढ्याने भागत नसेल, आतून जळका वास येत असेल किंवा पंखा अडत असेल तर अख्खा एसएमपीएस बदला.

पण साफ ठेवा हे खरंच. त्यातले आणि बोर्डावरचेही इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. आज पंखा ओरडतोय त्याचं बिल दोन वर्षांनी येतं, म्हणून कुणी त्याचा संबंध धुळीशी लावत नाही. झाकण उघडलंच आहे तर बोर्डावरच्या कपॅसिटरांची डोकी बघा. सपाट असली पाहिजेत. फुगलेलं किंवा वर तपकिरी चीक आलेलं दिसलं तर बॅकअपला लागा.

जुना_हिशेबनीस

आपली चर्चा रोज वाचतो आहे. मी वयस्कर माणूस, निवृत्तीनंतर एका छोट्या संस्थेचे हिशेब घरून पाहतो. माझ्या मशीनची अडचण वेगळी आहे की यातच बसते ते सांगावे. आठवड्यापासून कोणतीही वेबसाइट उघडली की 'आपले कनेक्शन खाजगी नाही' असे येते. बँकेची तर उघडतच नाही. नेटवाल्याचा माणूस येऊन गेला, लाइन ठीक म्हणाला. कोपऱ्यातले घड्याळही मागचे साल दाखवते, पण ते मी दुरुस्त करतो आणि सकाळी पुन्हा तसेच.

स्क्रू_उरला

काका, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. बोर्डावर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. वीज नसताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो संपलाय. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं असतं. तुमचं मशीन मागच्या सालात बसलंय, त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच नाही, म्हणून दार लावून घेतं.

सेल ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ जाडीचा. नावातच माप आहे. काढताना नखाने बाजूची पत्ती सरकवा, लिहिलेली बाजू वर ठेवून नवा बसवा. नंतर एकदा बायोसमध्ये जाऊन तारीख घाला. आणि डबा उघडताच आहात तर…

जुना_हिशेबनीस

समजले. नातू शनिवारी येतो, त्याच्या मदतीने उघडतो. मशीनचा आवाज फार येतो, पण तो मला वाटले वयोमानाने येत असेल. मशीनच्या.

चालतंय_ना

काका, बॅकअप घ्या आधी. माझं ऐका.

मऊसूत

किती दिवसांनी करायचं हे राहिलंच. सहा महिने? वर्ष?

टेबलाखालचा

कॅलेंडरवर ठरवू नका. जमिनीवर ठेवलेला डबा आणि टेबलावरचा डबा यांतच मोठा फरक पडतो. घरात केसाळ प्राणी असेल, कुणी खोलीत बसून सिगारेट ओढत असेल (त्याने धूळ चिकट होते, ब्रशने निघत नाही), खिडकी रस्त्याकडे असेल तर तीन-चार महिन्यांनी जाळी तरी बघा. नाहीतर वर्षातून एकदा पुरे. तापमान टिपून ठेवा म्हणालो ते याचसाठी. त्याच कामाला गेल्या खेपेपेक्षा दहा-बारा अंश जास्त दिसले की झाकण काढायचं.

सॉफ्टवेअरच्या सफाईबद्दल दोनच ओळी. 'रजिस्ट्री क्लीनर' नावाच्या गोष्टी टाकू नका. आणि एसएसडी असेल तर जुन्या पद्धतीचं डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) करत बसू नका, विंडोज स्वतःच तिला ट्रिम, म्हणजे कुठली जागा रिकामी झाली ते सांगणारा आदेश, पाठवते.

शून्य_एक

अवांतर : अख्ख्या डब्याला 'सीपीयू' (म्हणजे खरं तर आतला प्रोसेसर) म्हणणाऱ्यांसाठी वेगळा धागा काढावा का?

स्क्रू_उरला

नको. अर्धं जग दुखावेल.

चालतंय_ना

माळ्यावरचा बोर्ड काढला. एक पट्टी, दुसरा स्लॉट. चालू झाला. पुढचं काही लिहीत नाही, दुरुस्तीवाल्याबद्दल काय वाटतंय ते संपादक मंडळ ठेवणार नाही.

स्क्रू_उरला

:)

जुना_हिशेबनीस

शनिवारचा वृत्तांत देतो. प्रथम हिशेबाच्या सर्व फाइली पेन ड्राइव्हवर आणि नातवाच्या लॅपटॉपवर घेतल्या. आधीची तापमाने वहीत लिहिली : रिकामे असताना ६१, काम करताना ९४. सेल बदलला. मोजून पाहिला, २.३ व्होल्ट भरला. पंखा काढला तर खाली आपण वर्णन केला आहे तसाच नमदा, फक्त दोन तुकड्यांत निघाला. फोटो काढला आहे, शून्य_एक यांना हवा असल्यास नातू चढवून देईल. पेस्टला हात लावला नाही, वाकडी_पिन यांची कथा वाचल्यामुळे. कूलर आम्ही जागेवरून हलवलाच नाही.

सर्व जोडून बटण दाबले. काहीच झाले नाही. आवाज नाही, घरघर नाही. दोघेही घाबरलो. नातू म्हणाला, आजोबा, केबल राहिली बहुतेक. मी पुन्हा बटण दाबले, तेव्हा पडदा लागला आणि 'बंद होत आहे' अशी अक्षरे आली. मशीन पहिल्या वेळीच चालू झाले होते, आम्हाला ऐकू आले नव्हते. आता ३९ आणि ६८. तारीख बरोबर आहे, बँक उघडली.

एक स्क्रू उरला आहे. कुठला असावा?